कोरडा पाचू, ओले सोने

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून, कोल्हापूर मागे टाकून, जत किंवा आटपाडीच्या माळावर जाऊन पोहोचावे, तो तोच पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन थांबलेला आढळतो. सरळ रेषेत मोजले तर दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेरचे हे अंतर. परंतु तेवढ्यात माती बदलते, झाडोरा बदलतो, आणि झाडोऱ्यावर उपजीविका करणारे किडेपाखरूही बदलते. जांभ्याच्या सड्यावर आणि खाजणाच्या काठी बाभूळ विरळाच दिसते. देशावर मात्र ओढ्याकाठी, बांधावर, गायरानात तिचेच राज्य असते, आणि पावसाळ्याची पहिली सर येऊन गेली की तिच्या कोवळ्या पाल्यावर चार सेंटिमीटर लांबीचा, हिरव्या धातूने मढविल्यासारखा एक भुंगेरा येऊन बसतो. इकडे कोकणात त्याच सुमारास रताळ्यांच्या वाफ्यात, कुंपणावर पसरलेल्या गारवेलींच्या पानांवर, सेंटिमीटरभर आकाराचा दुसरा एक भुंगेरा प्रगट होतो, आणि त्याचा रंग इतका शुद्ध सोन्याचा असतो की प्रथम पाहणाऱ्याला तो सजीव आहे यावर विश्वास ठेवणे कठीण जावे. या प्रकरणात या दोन जीवांची तुलना करावयाची आहे. दोघांचेही तेज निसर्गाच्या एकाच नियमातून उत्पन्न झालेले आहे. पण एकाचे तेज त्याच्या मृत्यूनंतर शतकानुशतके टिकते आणि दुसऱ्याचे मृत्यूबरोबर मावळते, आणि या एका भेदापायी माणसाच्या हातून दोघांच्या वाट्याला अगदी निराळी प्राक्तने आली.

योगायोग असा की, या दोघांनाही शास्त्रीय नाव देणारा पुरुष एकच होता. योहान ख्रिश्चन फॅब्रिसियस हा डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ, लिनीअसचा साक्षात शिष्य. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील धनिकांच्या आणि विद्वानांच्या संग्रहपेट्या धुंडाळून त्याने सुमारे दहा हजार कीटकांना नावे दिली. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. जहाजांतून महिनोगणती प्रवास करून आलेल्या वाळक्या नमुन्यांवरूनच त्याला निवाडा करावा लागे. बाभळीवरच्या त्या भुंगेऱ्याला आज स्टर्नोसेरा क्रायसिस म्हणतात आणि गारवेलीवरच्याला ॲस्पिडिमॉर्फा सँक्टेक्रुसिस. या लांबलचक नावांतील उत्तरार्ध दोन्ही ठिकाणी फॅब्रिसियसचा आहे. पहिला कीटक पेटीतही आपले हिरवे तेज मिरवीत होता. दुसऱ्याचे सोने मात्र पेटीत शिरण्यापूर्वीच निघून गेलेले असणार, आणि वर्णन लिहिणाऱ्याच्या दृष्टीस पडले असेल ते केवळ एक पिवळट तपकिरी, कडेने पारदर्शक असे कवच. वाळलेल्या नमुन्यावरून केलेले ज्ञान किती अपुरे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आपण प्रथम बाभळीकडे वळू. आपल्याकडील मुले ज्याला सोनपाखरू म्हणतात आणि काड्यापेटीत बाभळीचा पाला घालून ज्याला सांभाळतात, ते बहुधा हेच पाखरू होय. हे बुप्रेस्टिडी या कुळातले. जगभर या कुळाच्या सुमारे पंधरा हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांच्या अंगावर धातूची झळाळी असते, म्हणून युरोपीय भाषांतून त्यांना रत्नकीटक अशा अर्थाची नावे पडली आहेत. आपल्या क्रायसिसचे डोके व मान गर्द हिरवी असून मानेवर बारीक खळगे दाटीने कोरलेले असतात. पोटाकडील बाजूही तशीच हिरवी. पाठीवरची पंखकवचे मात्र तांबूस तपकिरी, रोगण दिल्यासारखी तुकतुकीत असतात. हा तपकिरी रंग साध्या रंगद्रव्याचा आहे, तर मानेवरचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही; एकाच प्राण्याच्या अंगावर रंगनिर्मितीच्या दोन भिन्न पद्धती शेजारी शेजारी नांदताना पाहावयास मिळतात, हे या जातीचे वैशिष्ट्य अभ्यासकाने विसरू नये. याच वंशातील इतर काही जाती, विशेषतः ब्रह्मदेश आणि सयाम या बाजूची स्टर्नोसेरा ईक्विसिग्नाटा, नखशिखांत हिरव्या असतात, आणि पुढे ज्या व्यापाराची हकीगत यावयाची आहे त्याचा मुख्य बोजा त्यांच्यावरच पडला.

या कीटकाचे प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचेच असते. मादी आपली अंडी जमिनीत सोडते; अंड्यातून बाहेर पडलेली पांढुरकी अळी मुळे कुरतडीत मातीतच वाढते, तेथेच कोशावस्थेत जाते, आणि मृगाच्या पावसाने जमीन मऊ झाली म्हणजे पूर्ण वाढलेले पाखरू वर येते. म्हणजे ज्या तेजाचे आपण कौतुक करतो ते त्याच्या दीर्घ अंधारवासाच्या अखेरीस येणारे केवळ शेवटचे पर्व होय. त्याच्या कुळातील बहुतेक भाईबंद जमिनीऐवजी लाकूड पोखरतात, आणि त्यांच्या अळीची चिकाटी विलक्षण असते: १९८३ साली इंग्लंडातील एसेक्स परगण्यात एका घराच्या जिन्याच्या लाकडातून या कुळातील एक सोनेरी भुंगेरा बाहेर पडला, तेव्हा तो त्या लाकडात अळीच्या रूपाने ५१ वर्षे राहिला असावा असा हिशेब निघाला. शुष्क लाकडातील पोषण इतके निकृष्ट असते की वाढ जवळजवळ थांबते, आणि मुदत लांबत जाते.

आता तेजाचा विचार. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगात इंद्रधनुष्याचे रंग दिसतात, हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभ्या असलेल्या कोणाही माणसाने पाहिलेले असते. तेलालाही तो रंग नसतो आणि पाण्यालाही नसतो. तवंगाच्या वरच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. ज्या रंगाच्या लहरी एकमेकींशी पाऊल जुळवून परत येतात तो रंग उजळतो, आणि ज्यांचे पाऊल विसंगत पडते त्या एकमेकींना नाहीशा करतात. रत्नकीटकाच्या कवचाच्या सर्वांत बाहेरच्या भागात असे पातळ थर पंधरा-वीसांच्या संख्येने, पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. त्यांत एक थर कायटिनाचा आणि दुसरा मेलॅनिन या काळ्या द्रव्याने भरलेला, असा क्रम आलटून पालटून येतो. दोहोंत प्रकाशाचा वेग थोडा निराळा असतो, आणि तेवढा फरक पुरेसा होतो. हिरव्या प्रकाशाची लहर सुमारे ५२० नॅनोमीटर लांबीची धरली, तर ती परतविण्यासाठी प्रत्येक थर सुमारे ऐंशी ते शंभर नॅनोमीटर जाडीचा असावा लागतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सातशे-आठशेवा भाग. ही जाडी कवचभर एकसारखी राखली जाते म्हणून रंग एकसारखा दिसतो; आणि कीटक तिरपा धरला की प्रकाशाचा थरांतील मार्ग बदलतो, म्हणून हिरव्याचा रोख निळ्याकडे झुकतो. खालचे मेलॅनिन उरलेला प्रकाश गिळून टाकते. ते नसते तर हिरवा रंग पांढुरक्या उजेडात विरून गेला असता. काळ्याच्या आधाराने हिरवे उठून दिसते, हे चित्रकारांना ठाऊक असलेले सत्य येथे अणुरेणूंच्या पातळीवर पाळले गेले आहे.

हा उलगडा सहजासहजी झालेला नाही. रॉबर्ट हूकने १६६५ साली मोराच्या पिसाविषयी आणि न्यूटनने १७०४ साली प्रकाशावरील आपल्या ग्रंथात पातळ पडद्यांच्या रंगांविषयी योग्य दिशा दाखविली होती. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांत दोन तट होते. प्रकाशाचा वेग मोजण्याबद्दल कीर्ती पावलेले आल्बर्ट मायकेलसन यांनी १९११ साली असे प्रतिपादन केले की, या कीटकांचे बहुतेक रंग धातूंच्या पृष्ठरंगासारखेच असून थरांचे कारण तेथे लागू पडत नाही. लॉर्ड रॅले यांनी थरांची बाजू घेतली. अमेरिकेतील क्लाइड मेसन यांनी १९२० नंतरच्या दशकात कवचात द्रव मुरवून आणि दाब देऊन पाहिले. कवच फुगले की रंग तांबड्याकडे सरकतो, दाबले की नाहीसा होतो, असे त्यांना आढळले, आणि रंगद्रव्य असे वागत नाही. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर थर प्रत्यक्षच दिसले आणि वाद मिटला. आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३४ च्या सुमारास शिंपल्यांची झळाळी आणि चास पक्ष्याच्या पिसांचा निळा रंग यांवर संशोधन केले, तेही याच विषयाच्या शेजारचे होय. निसर्गातील रंग प्रयोगशाळेच्या योग्यतेचे आहेत, हे त्यांनी या देशात प्रस्थापित केले.

थर कोरडे, घन आणि कठीण असल्यामुळे कीटक मेला तरी त्यांत काही बदलत नाही. जर्मनीतील मेसेल येथील खाणीत सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे रत्नकीटक सापडले आहेत, आणि त्यांची निळी-हिरवी झळाळी आजही डोळ्यांना दिसते. जपानातील नारा येथील होर्युजी मठात सातव्या शतकातील एक देव्हारा आहे. त्याच्या नक्षीदार पत्र्याखाली रत्नकीटकांची पंखकवचे बसविलेली होती, आणि त्यांतील बहुतेक आता गळून गेली असली तरी देव्हाऱ्याचे नाव त्यांच्यावरूनच पडलेले आहे. आपल्या देशात बसोली येथील चित्रकारांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नायिकांच्या अलंकारांतील पाचू दाखविण्यासाठी या कवचांचे बारीक तुकडे कापून चित्रांवर डकविले. तीनशे वर्षांनंतर त्या चित्रांतील रंग काही ठिकाणी फिके झाले आहेत, परंतु पाचू जसेच्या तसे आहेत. टिकाऊपणाची याहून मोठी कसोटी कोणती असणार?

टिकाऊ वस्तूला बाजार मिळतो, आणि बाजार मिळालेल्या जीवाला शांतता लाभत नाही. मलमलीवर जरीच्या जोडीने ही कवचे शिवण्याचे कसब मोगल अमदानीत रुळले, आणि एकोणिसाव्या शतकात हैदराबाद व मद्रास येथून असे कापड विलायतेला रवाना होऊ लागले. लंडनमध्ये १८८८ साली एलेन टेरी ही नटी लेडी मॅकबेथच्या भूमिकेत रंगभूमीवर आली, तेव्हा तिच्या अंगरख्यावर सुमारे एक हजार कवचे शिवलेली होती. जॉन सिंगर सार्जंट यांनी दुसऱ्या वर्षी त्याच वेषात तिचे चित्र काढले, आणि तो अंगरखा केंटमधील तिच्या घरी जतन करण्यात आलेला आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी परिधान केलेल्या मयूरवेषातील प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हेच हिरवे कवच बसविलेले होते. अलीकडे, २००२ साली, ब्रुसेल्सच्या राजवाड्यातील आरसेमहालाचे छत यान फाब्र या कलावंताने ईक्विसिग्नाटा जातीच्या सुमारे १४ लाख कवचांनी मढविले. ती कवचे ज्या बाजूची, त्या बाजूला हा कीटक खातातही, आणि कवचे त्या खाण्यातून उरलेली असतात, असे समर्थन केले जाते. ते खरे धरले तरी, १४ लाख या संख्येपुढे मन थबकते.

रत्नागिरीकरांना या व्यापाराच्या एका टोकाची आठवण आपल्या गावातच होऊ शकते. इंग्रजांनी ब्रह्मदेश खालसा केल्यावर राजा थिबा याला १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. तो ज्या देशाचा राजा होता त्या देशातील करेन लोक अंत्यविधीच्या प्रसंगी वापरावयाच्या शालींच्या किनारीला हिरव्या भुंगेऱ्यांची पंखकवचे ओवतात, आणि शाल पांघरणारी व्यक्ती हलली की ती एकमेकांवर आपटून मंजूळ वाजतात. जरीकामातील कवचांना शोभेपलीकडे काही काम नव्हते. येथे त्यांना शोकविधीत नाद देण्याचे काम आहे, आणि एका कीटकाच्या अंगाचा उपयोग करावयाचाच असेल तर हा मला अधिक आदराचा वाटतो.

आता घाट उतरून खाली येऊ. गारवेलीचे कुळ कोकणात सर्वत्र पसरलेले आहे: परसातील रताळी त्याच कुळातली, कुंपणावर निळी-जांभळी फुले मिरविणाऱ्या वेली त्यातल्याच, पाणथळ जागी माजणारा बेशरम त्यातलाच, आणि भाट्ये किंवा आरे-वारे येथील पुळणीवर भरतीच्या रेषेशी दूरवर पसरणारी, गुलाबी जांभळ्या फुलांची मर्यादवेलही त्यातलीच. या कुळातील वेलींची पाने पाहत चालावे, आणि ज्या पानाला गोल भोके पडलेली दिसतील ते हळूच उचलून खालून पाहावे. तेथे बहुधा आपला दुसरा नायक भेटतो.

त्याला कासव-भुंगेरा म्हणणे योग्य होईल, कारण त्याच्या पाठीची ढाल चहूबाजूंनी शरीराच्या बाहेर गेलेली असते आणि डोके, पाय, सर्व काही तिच्याखाली झाकले जाते. ढालीची कड काचेसारखी पारदर्शक असून तिच्यातून खालचे पान दिसते. तिच्यावर खांद्यांशी व मागे गडद डाग असतात. आणि मधला फुगीर भाग सोन्याचा. हा क्रायसोमेलिडी म्हणजे पर्णभक्षक भुंगेऱ्यांच्या प्रचंड कुळातला असून त्याच्या पोटकुळाला कॅसिडिनी म्हणतात. समरेंद्र मौलिक यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत १९१९ साली या पोटकुळावर जो खंड लिहिला, तो एका भारतीय कीटकशास्त्रज्ञाने केलेले पायाभूत काम म्हणून आजही आदराने पाहिला जातो.

बाभळीवरच्या पाखराची अळी जमिनीत दडते. कासव-भुंगेऱ्याची अळी उघड्या पानावर राहते, आणि म्हणून तिने स्वसंरक्षणाची एक चमत्कारिक तजवीज केलेली आहे. तिच्या शेपटीला दोन टोकांचा काटा असतो. कात टाकली की जुनी कात ती या काट्यावर अडकविते, तिच्यावर आपली विष्ठा साठविते, आणि हा वाळलेला बोजा छत्रीसारखा पाठीवर धरून चरत राहते. मुंगी जवळ आली की तो बोजा तिच्या रोखाने वळविला जातो. अळी, कोश आणि प्रौढ या तिन्ही अवस्था एकाच वेलीवर जातात. ज्याला एखाद्या कीटकाचे संपूर्ण चरित्र डोळ्यांसमोर घडताना पाहावयाचे असेल, त्याने कोकणात दुसऱ्या कोणत्याही कीटकाच्या मागे लागण्यापूर्वी याची निवड करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

या सोन्याची रचना मूलतः तीच: थरांवर थर. परंतु दोन फरक आहेत, आणि सारे मर्म त्यांत आहे. पहिला फरक जाडीचा. हिरव्या भुंगेऱ्याचे थर एकसारख्या जाडीचे असतात म्हणून ते एकच रंग परतवितात. सोनेरी भुंगेऱ्यात थरांची जाडी आतबाहेर क्रमाने बदलत जाते, त्यामुळे काही थर हिरवा, काही पिवळा, काही तांबडा असे अनेक रंग परतविले जातात आणि निळा तेवढा वगळला जातो. खऱ्या सोन्याचे वर्तनही असेच असते. तेही निळा प्रकाश शोषून घेऊन बाकीचा परतविते. म्हणून या कीटकाचा रंग सोन्याच्या जवळपासचा न वाटता सोन्याचाच वाटतो. प्रकाशापुरते बोलावयाचे तर ते सोनेच आहे.

दुसरा फरक पाण्याचा. हे थर पूर्णपणे घन नसतात. त्यांत सूक्ष्म पोकळ्या असतात आणि जिवंतपणी त्या द्रवाने भरलेल्या असतात. द्रव आहे तोवर थर एकजिनसी राहतात आणि आरशासारखे वागतात. कीटक मेला, अंगातील ओल उडू लागली, की पोकळ्या रिकाम्या होतात, थर आक्रसतात, त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बिघडते, आणि सोने ओसरून खालचा पिवळट तपकिरी रंग उरतो. वाळलेला नमुना पाण्यात भिजत ठेवला तर ते तेज काही काळ परत येते आणि वाळल्यावर पुन्हा जाते. रंग कोठून येतो याचा इतका सोपा पुरावा भौतिकशास्त्रात क्वचितच मिळतो. मध्य अमेरिकेतील पनामा येथे याच्या नात्यातली कॅरिडोटेला एग्रेजिया नावाची जात आहे. तिला डिवचले की ती जिवंतपणीच दोनेक मिनिटांत सोनेरीची तांबडी होते आणि शांत झाल्यावर पुन्हा सोनेरी. बेल्जियममधील नामूर विद्यापीठाचे जाँ पोल व्हिन्येरों आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली दाखवून दिले की, ती जात थरांतील द्रव काढून घेते, आरसा बंद पडतो आणि खालचे तांबडे रंगद्रव्य उघडे होते. म्हणजे त्या कुळात तेज ही अंगावरची वस्तू राहत नसून देहाने क्षणोक्षणी चालू ठेवलेली एक क्रिया बनते, आणि ती क्रिया आपल्या इच्छेने थांबविण्याची सत्ताही देहाकडे असते. मला या दोन कीटकांतील सर्वांत खोल भेद हा वाटतो.

मग या तेजाचा उपयोग काय? सामान्य समजूत अशी की, चकाकणारा प्राणी शत्रूच्या डोळ्यांत भरतो, म्हणून चकाकी ही मादीला आकर्षित करण्यासाठी पत्करलेली जोखीमच असली पाहिजे. इंग्लंडातील ब्रिस्टल विद्यापीठाच्या कॅरिन केर्नस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली या समजुतीला धक्का दिला. ईक्विसिग्नाटाची खरी कवचे आणि साध्या रंगांनी रंगविलेली कवचे पानांवर लावून, त्यांखाली पक्ष्यांसाठी खाद्य ठेवून त्यांनी पाहिले, तेव्हा रंग पालटणारी कवचे पक्ष्यांनी कमी उचलली. माणसांनाही ती शोधून काढणे अधिक कठीण गेले. पावसाने भिजलेल्या, तुकतुकीत पानांच्या गर्दीत दर पावलाला रंग बदलणारी वस्तू कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे डोळ्याला नीट उमगत नाही. बाभळीवरचे पाखरू याशिवाय दुसरीही एक युक्ती योजते: फांदी हलली की पाय आखडून खाली पडते आणि मेल्याचे सोंग घेते. कासव-भुंगेरा पळत नाही आणि पडतही नाही; तो ढाल पानाला टेकवून चिकटून बसतो, आणि मुंगीला धरावयास कड सापडत नाही. हे चिकटणे किती बळकट असू शकते, याचे मोजमाप अमेरिकेतील टॉमस आयस्नर यांनी फ्लोरिडातील निळ्या कासव-भुंगेऱ्यावर केले. त्याच्या पावलांवरील सुमारे साठ हजार तेलकट केसांच्या जोरावर तो आपल्या वजनाच्या साठपट ओढ दोन मिनिटे सहन करतो. एकाचे शस्त्र जाड कवच, दुसऱ्याचे शस्त्र पकड. या बाबतीत कोकणातल्या लहानग्याला मी अधिक गुण देईन.

ज्याचे तेज मेल्यावर टिकत नाही त्याला बाजारात किंमत नाही, आणि त्यामुळे सोनेरी भुंगेऱ्याला ना कोणी जरीत गुंफले, ना छताला लावले. याची दुसरी बाजूही आहे. संग्रहालयांच्या कपाटांत हिरवे कीटक ओळीने झळकत असतात, आणि त्यांच्या शेजारच्या पेटीत कासव-भुंगेरे मळकट टिकल्यांसारखे पडलेले असतात. जो अभ्यासक केवळ कपाटावर विसंबेल त्याला दुसऱ्याचे खरे रूप कधीच कळणार नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकन हा साताऱ्यास जन्मलेला स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरीला होता. उरण, कारवार, गोव्याची सरहद्द आणि रत्नागिरी अशा ठिकाणी त्याच्या बदल्या होत गेल्या. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांत तो होता. त्याने आपले सहकारी डेव्हिडसन यांच्यासमवेत इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांवर जे लेख लिहिले, ते अळ्या घरी आणून, वाढवून, रोज पाहून लिहिलेले होते. जकातीच्या दप्तरातून डोके वर काढून जिवंत प्राण्यासमोर बसण्याची ही सवय आपल्याकडील निसर्गप्रेमींनी उचलण्याजोगी आहे, कारण वर सांगितलेल्या दोहोंपैकी एका जीवाचा अभ्यास अन्य मार्गाने होऊच शकत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने एक खुलासा आवश्यक आहे. कासव-भुंगेरा रताळ्याची पाने खातो हे खरे, आणि फार माजला तर वेल झोडपला जातो; परंतु रताळ्याचा खरा वैरी निराळा आहे. निळसर काळ्या चकाकत्या अंगाचा व तांबड्या मानेचा, लांब सोंडेचा एक चिमुकला भुंगेरा असतो. त्याची अळी कंदातच बोगदे करते, आणि सबंध पीक कडू होऊन फेकावे लागते. जगभर रताळ्याच्या पिकाचे सर्वाधिक नुकसान करणारा तो हाच. चकाकणारे सर्व सारखेच समजून एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्याला देऊ नये. पानावर चार भोके पाडणाऱ्यासाठी सबंध वाफ्यावर औषध मारणे हा खर्च तर आहेच, पण त्यात पानावर फिरणारे इतर निरुपद्रवी जीवही बळी पडतात.

तेव्हा रत्नागिरीतील वाचकांना, आणि विशेषतः शाळांतील शिक्षकांना, एवढीच विनंती आहे की, श्रावण-भाद्रपदात पाऊस उघडला असेल अशा एखाद्या सकाळी मुलांना रताळ्याच्या वाफ्याकडे किंवा कुंपणावरच्या गारवेलीकडे न्यावे, भोके पडलेले पान सावकाश उलटावे, सोनेरी भुंगेरा दिसला तर भिंगातून त्याची काचेसारखी कड आणि मधले सोने नीट पाहू द्यावे, अळी दिसली तर तिच्या पाठीवरचा बोजा दाखवावा, तारीख आणि वेलीचे नाव वहीत टिपून घ्यावे, आणि कीटकाला त्याच पानावर सोडून यावे. कारण डबीत घालून घरी नेला तर दोन दिवसांत हाती एक तपकिरी टरफल तेवढे राहील.